चालू मालिकेच्या कथेवर नव्याने आलात? खलनायिका, जोडी आणि परत येणारी माणसं सांभाळण्याचा हिशेब

चालू मालिकेच्या लेखन-टीममध्ये तुम्हाला घेतलंय. मालिका साडेचारशेव्या भागावर आहे. पहिल्याच बैठकीत वाहिनीच्या माणसाने सहज विचारलं, "पण हे मोठ्या वहिनींना माहीत आहे ना?" दोघं हो म्हणाले, एक ठामपणे नाही म्हणाला, बाकीचे मोबाइलवर जुने भाग शोधायला लागले. हे बहुतेक टीममध्ये होतं, आणि हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रोजच्या मालिकेचं भांडवल म्हणजे गुपितं. खलनायिका किती महिने पुरेल, जोडप्याला किती दिवस वेगळं ठेवता येईल, मेलेला माणूस परत आला तर पटेल का, हे सगळं एकाच हिशेबावर ठरतं: कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला अजून कळायचंय.

हा हिशेब कसा ठेवायचा ते पायरीपायरीने सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक मालिका धरू. कऱ्हाडजवळ गुऱ्हाळ असलेलं मोहिते घराणं. धाकटी काकू वसुधा ही खलनायिका, सई आणि शंतनू ही जोडी. वसुधाने सासऱ्यांचं मृत्युपत्र लपवलंय, ज्यात गुऱ्हाळ सईच्या आईला दिलेलं आहे.

पहिल्या दिवशी मागून घ्यायच्या गोष्टी

- मालिकेचं 'बायबल': पात्रांची नाती, वयं, पूर्वकथा. बहुतेकदा ते पहिल्या १०० भागांनंतर कुणी हातात घेतलेलं नसतं, तरी मागा.
- गेल्या ५०-६० भागांच्या वन-लाइन, म्हणजे प्रत्येक भागात काय घडलं त्याची सीनवार थोडक्यात टिपणं. सगळे भाग बघायला वेळ मिळणार नाही, पण सोमवार आणि शनिवारचे तरी बघाच.
- कलाकारांच्या तारखांचा तक्ता. कोणाचं नाटक आहे, कोण महिन्याला फक्त १० दिवस देतं, कोणाची सुट्टी ठरली आहे.
- कोणते सेट उभे आहेत आणि कोणते मोडले. मोडलेल्या सेटवरचा फ्लॅशबॅक नव्याने चित्रित करता येत नाही.
- बँक, म्हणजे किती भाग तयार पडून आहेत. उत्तर ऐकून घाबरू नका.
- पुढच्या सहा महिन्यांच्या सणांची यादी, तारखांसकट.

१. सगळ्यात आधी 'कोणाला काय ठाऊक' तक्ता

साध्या एक्सेलमध्ये करा. उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेत गुपितं. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक खूण: माहीत नाही, संशय आहे, माहीत आहे, माहीत आहे पण चुकीचं. खुणेशेजारी भाग क्रमांक लिहायचाच. 'माहीत आहे' एवढंच लिहिलं तर वाद मिटत नाही, 'माहीत आहे, भाग ३१२' लिहिलं की मिटतो.

चौथी खूण सगळ्यात कामाची. शंतनूला वाटतंय मृत्युपत्र झालंच नव्हतं. हे अज्ञान नाही, ही पक्की समजूत आहे, आणि पक्की समजूत मोडायला अज्ञानापेक्षा दुप्पट भाग मिळतात.

शेवटची रांग प्रेक्षकांची. प्रेक्षकांना माहीत आणि नायिकेला नाही, अशी किमान एक चौकट कायम हवी. २०२२ साली सुरू झालेली 'ठरलं तर मग' अशाच एका चौकटीवर उभी राहिली: सायली खरी कोणाची मुलगी हे प्रेक्षकांना ठाऊक, घराला नाही, आणि तिच्या जागी दुसरीच मुलगी बनून बसलेली. उलट्या प्रकारची चौकट, म्हणजे पात्राला माहीत पण प्रेक्षकांपासून लपवलेलं, रोजच्या मालिकेत फार काळ टिकत नाही. मधले चार भाग चुकलेला माणूस 'आपल्याला काही कळत नाही' म्हणून उठून जातो.

गुपित निवडताना ते खऱ्या जगात लपू शकतं का, हे तपासा. सासऱ्यांनी गुऱ्हाळ बक्षीसपत्राने दिलं असतं तर ते नोंदणीकृत असायलाच हवं. म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंद सापडणार, सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) कुणीही काढणार, आणि गावाकडचा प्रेक्षक पहिल्याच भागात म्हणणार, "अगं, सातबारा बघ की!" मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून ते डब्यात लपवता येतं. शिवाय त्याला दोन साक्षीदार लागतात. इथे तक्त्यात आपोआप दोन नावं वाढली: एक गावातले निवृत्त मास्तर, दुसरे मुलाकडे दुबईला गेलेले मुनीमजी. ही दोन माणसं पुढे वर्षभर पुरतील. कायद्याचा एक बारकावा नीट बघितला की पात्रं फुकट मिळतात.

२. आठवड्याचं गणित पाठ करा

अर्ध्या तासाच्या भागात प्रत्यक्ष गोष्ट साधारण २०-२२ मिनिटं. सात-आठ सीन. आठवड्याला सहा भाग, हल्ली काही मालिकांचे सातही. सहाच धरले तरी महिन्याला सव्वीस भाग, म्हणजे दर आठवड्याला एका सिनेमाएवढा मजकूर.

सोमवारी प्रश्न, बुधवारी त्याला फाटा, शनिवारी हूक (पुढचा भाग बघायला लावणारा शेवट), अशी सर्वसाधारण चाल असते. हूक म्हणजे नुसतं दचकणं नाही. दारात कोणीतरी उभं आहे आणि सगळे वळून बघतायत, आणि सोमवारी कळतं की दूधवाला आहे: हे दोनदा केलंत की तिसऱ्यांदा खरोखर कोणी आलं तरी कुणी बघत नाही. हूक तपासायचा तर तक्त्याकडे बघा. शनिवारच्या शेवटच्या सीनने एखादी चौकट बदलली का? नसेल बदलली तर तो हूक नाही, पार्श्वसंगीत आहे.

आता टीआरपी. टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि आकडे येतात पुढच्या गुरुवारी. तुम्ही गुरुवारी जो आकडा बघताय तो सहा दिवसांपूर्वी संपलेल्या आठवड्याचा. आज लिहिलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा एक धागा, मंजुरी, पटकथा, संवाद, चित्रीकरण, संकलन होऊन दिसायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे आकडा पडला म्हणून आज खलनायिकेला पकडून दिलं, तर ते दिसेल तेव्हा प्रेक्षक तिसऱ्याच गोष्टीवर रागावलेला असेल. एका आठवड्याच्या आकड्यावर ट्रॅक फिरवू नका. सलग तीन आठवडे घसरण असेल तर फिरवा, आणि तेव्हाही गुपित उघडण्याऐवजी आधी नवं माणूस त्या गुपिताच्या जवळ आणा.

३. खलनायिका: खर्च जपून करा

खलनायिकेच्या कागदावर चार ओळी लिहा.

एक, तिला काय हवंय. 'घर उद्ध्वस्त करायचंय' हे उत्तर नव्हे. वसुधाला गुऱ्हाळाची किल्ली स्वतःच्या कमरेला हवी आहे. किल्ली दाखवता येते, उद्ध्वस्त करणं दाखवता येत नाही.

दोन, तिचं कुठे बरोबर आहे. वीस वर्षं गुऱ्हाळाचे हिशेब तिने लिहिले आणि कागदावर तिचं नाव कुठेच नाही. ही ओळ नसेल तर ती सहा महिन्यांत फक्त डोळे मोठे करणारी बाई होते.

तीन, घर तिला हाकलू का शकत नाही. सगळ्यात जास्त मालिका इथे फसतात. इतकं होऊनही ती जेवणाच्या टेबलावर कशी, हा प्रश्न प्रेक्षक विचारतोच. मुलं, कर्ज, सासूचा जीव, गावातली अब्रू, काहीतरी खणखणीत हवं.

चार, तिच्या हातात किती गुपितं शिल्लक आहेत. तीनपेक्षा कमी झाली की नवं गुपित पेरायला घ्या. पेरणी कापणीच्या ४०-५० भाग आधी.

मग उघडकीचा जिना आखा. सत्य सगळ्यांना एकदम कळू द्यायचं नाही. क्रम साधारण असा: आधी ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही त्याला (लहान मूल, गडी, दारूबाज दीर). मग ज्याला गप्प बसण्यात स्वतःचा फायदा आहे त्याला. मग नायिकेला, पण पुराव्याविना. मग नायिकेला पुराव्यासह, पण सांगता येणार नाही अशा पेचात. मग नायकाला. शेवटी घरातल्या कर्त्या माणसाला, म्हणजे बहुधा सासूबाईंना किंवा आजीला. दर पायरीला १५ ते २५ भाग. सहा पायऱ्यांचे सरासरी १२० भाग, म्हणजे साडेचार महिने. एका गुपिताचं हे वाजवी आयुष्य झालं. त्याच गुपितावर वर्ष काढायला गेलात की नायिका मठ्ठ दिसायला लागते, आणि मठ्ठ नायिका हा खलनायिकेच्या लेखनातला दोष असतो, नायिकेच्या नव्हे.

प्रत्यक्ष सीन कसा लिहायचा ते बघा. दिवाळीचा आठवडा. मृत्युपत्र एका मोठ्या स्टीलच्या डब्यात, अनारशांच्या पिठाच्या गोळ्यांखाली आहे. नेहमीचा वाईट सीन असा: वसुधा आरशापुढे उभी राहून मोठ्याने म्हणते, "हे मृत्युपत्र जर त्या सईच्या हाती लागलं तर..." आणि सई दाराआड ऐकते. एका फटक्यात दोन चौकटी खर्च, आणि दोघी वेड्या दिसल्या.

दुसरा सीन असा. सई चकल्या भरायला तोच डबा उचलते.

"तो नको गं," वसुधा तळण न सोडता म्हणते. "त्याचं झाकण नीट बसत नाही. चकल्या मऊ पडतील. तो निळ्या झाकणाचा घे."

सई निळा डबा घेऊन जाते. वसुधा झारा ठेवते, स्टीलच्या डब्याचं झाकण दाबते. ते घट्ट बसतं. सीन संपला.

कोणाला काही कळलं नाही, प्रेक्षकांना सगळं कळलं. चार भागांनी आजी सहज म्हणते, "त्या स्टीलच्या डब्यातल्या चकल्या महिनाभर कुडकुडीत राहतात हो," तेव्हा सईच्या चौकटीत 'संशय' पडतो. प्रॉपवाल्यांना (सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्यांना) डबा जपून ठेवायला मात्र लेखी सांगा. ऐनवेळी दुसरा डबा आला की सगळी मेहनत वाया.

नेहमीचे सापळे: दाराआडून ऐकणं (महिन्यात एकदाच, आणि तेही अर्धवट), स्पीकरवर चुकून राहिलेला फोन, खिरीत मिसळलेलं औषध, ऐनवेळी बदललेला पेन ड्राइव्ह. यातलं काहीही वापरता येतं, फक्त सलग दोन ट्रॅकमध्ये तेच नको.

पकडली गेल्यावर काय? तुरुंगात पाठवलं तर जामीन, पळून जाणं आणि परत येणं एवढेच रस्ते उरतात. माणूस करून घरात ठेवलं तर जास्त मिळतं. 'आई कुठे काय करते'मधली संजना आधी 'ती दुसरी', मग त्याच घराची सून झाली, आणि जे नायिका अरुंधतीच्या वाट्याला आलं होतं त्यातलं बरंच तिच्याही वाट्याला आलं. तिरस्कार करणाऱ्या प्रेक्षकाला तिची बाजू दिसायला लागली. दुसरं टोक 'रात्रीस खेळ चाले'चं. २०१६च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात, पण लोकांना तेच हवे झाले, म्हणून २०१९चं दुसरं पर्व मागच्या काळात नेऊन त्यांच्याभोवती रचलं. खलपात्र मालिकेपेक्षा मोठं झालं तर त्याच्याशी भांडू नका, काळ बदला.

सुधारणा दाखवायची तर किंमत दाखवा. रडून माफी मागणं ही किंमत नाही. वसुधाने कमरेची किल्ली स्वतः काढून सईच्या हातात ठेवली आणि त्यानंतर महिनाभर गुऱ्हाळात पाऊल टाकलं नाही, ही किंमत.

४. जोडी: वेगळं ठेवण्याचं कारण भक्कम हवं

पहिली चाचणी फोनची. नायक-नायिका वेगळे आहेत आणि एका फोनने गैरसमज मिटू शकतो, तर तो ट्रॅक एका आठवड्यापेक्षा जास्त ओढू नका. प्रेक्षक घरी बसून "अरे, फोन कर ना तिला" म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

अडथळे दोन जातींचे. बाहेरचे: काकू, कर्ज, कोर्ट, परगावची नोकरी. आतले: तिला वाटतं त्याने दयेपोटी लग्न केलं, त्याला वाटतं तिला गुऱ्हाळ हवं होतं. बाहेरचा अडथळा पटकन धरतो आणि लवकर संपतो. आतला सावकाश धरतो आणि पुरतो. एका वेळी दोन्ही जातींचा एकेक ठेवा. बाहेरचा सुटला की आतला उघडा पडतो आणि जोडी एकत्र येण्याऐवजी आणखी लांब जाते. हे प्रेक्षकाला पटतं, कारण घरोघरी तसंच होतं.

वेगळं ठेवलंत तरी उपाशी ठेवू नका. आठवड्याला किमान दोन-तीन सीन दोघांचे हवेत, भांडणाचे असले तरी चालतील. तिने रागाने ताट वाढलं आणि मिरचीचा ठेचा मात्र न विसरता बाजूला ठेवला, एवढ्यावर एक आठवडा निभतो. दोघं दोन वेगळ्या शहरांत सलग २० भाग, हे केलंत की जोडी मोडते, मग एकत्र आणली तरी ती ऊब येत नाही. वटपौर्णिमा, मंगळागौर, पाडव्याचं औक्षण हे दिवस जोडी दुरावलेली असतानाच जास्त वाजतात. ट्रॅक आखताना आधी हे दिवस पेन्सिलने भरा.

सणांचा एक त्रासही आहे. पडद्यावरची गोष्ट सावकाश चालते, एक दिवस पाच भाग खातो, पण गणपती कॅलेंडरप्रमाणेच यावे लागतात. अपहरणाच्या ट्रॅकमध्ये नायिका गोदामात बांधलेली आणि बाहेर गौरी बसल्या, अशी वेळ येते. म्हणून सणाच्या आधी सात-आठ भाग असा कोणताही ट्रॅक सुरू करू नका जो घराबाहेर अडकेल. गरोदरपण तर दुप्पट सांभाळून. नऊ महिने खऱ्या वेळेत घेतले तरी २३० भाग होतात, आणि कथेच्या वेळेने त्याहून लांबतात. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लांबलेल्या दिवसांवर २०१५च्या सुमारास महाराष्ट्रभर विनोद फिरत होते. बातमी दिलीत त्याच दिवशी बाळंतपणाचा भाग क्रमांक ठरवून तक्त्यात लिहा.

लग्नानंतर जोडी संपते, हा समज सोडा. कबुलीनंतर त्या दोघांना एका बाजूला उभं करा आणि नवं गुपित त्यांच्या बाहेर ठेवा. सई-शंतनू दोघांनाही मास्तरांवर संशय आहे, आणि घरातल्या कोणाला सांगायचं नाहीये: आता दोघांचं एकत्र असणं हेच गोष्ट पुढे नेतं.

नायिकेला नवा जोडीदार द्यायचा असेल तर घाई नको. 'माझ्या नवऱ्याची बायको'त राधिकाला सौमित्र आणि 'आई कुठे काय करते'त अरुंधतीला आशुतोष मिळाला, तो बऱ्याच प्रवासानंतर. क्रम असा: आधी नवा माणूस तिच्या कामाचा सोबती, मग घरातल्या एकाला (बहुधा सासऱ्यांना किंवा मुलाला) आवडलेला, मग तिला स्वतःला जाणवलेला. घरातल्या कोणाची तरी संमती तिच्या स्वतःच्या कबुलीआधी यायला हवी, म्हणजे प्रेक्षकही संमती देतो. हे योग्य आहे का यावर वाद घालता येईल, पण संध्याकाळच्या स्लॉटचं वास्तव हेच आहे.

५. माणूस बाहेर काढताना दार कितपत लावायचं ते ठरवा

कलाकार सोडतो, आजारी पडतो, तारखा संपतात, किंवा पात्राचं काम उरत नाही. बाहेर काढण्याचे प्रकार, दार किती लागतं त्या क्रमाने:

- गावाला, परदेशी, तीर्थयात्रेला. दार सताड उघडं. २०२०च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा राज्य शासनाच्या नियमामुळे ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर येता येत नव्हतं. ऑगस्ट २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तोवर मालिकांमधले आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर दिसले ते याच दारातून.
- भांडून, घर सोडून. दार लोटलेलं. जाताना बोललेलं एक जिव्हारी लागणारं वाक्य लिहून ठेवा, परत येताना तेच लागतं.
- बेपत्ता. गाडी दरीत, नदीला पूर, मृतदेह सापडला नाही. दार उघडं आहे हे प्रेक्षकाला त्याच रात्री कळतं, म्हणून इथे रडारड आटोपशीर ठेवा. कायद्याने सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत मानता येतो, हे मालमत्तेच्या ट्रॅकसाठी लक्षात असू द्या.
- मृत्यू. दहावा, तेरावा, फोटोला हार. दार बंद. यानंतर परत आणायचं तर भूत, जुळा किंवा पुनर्जन्म, आणि तिन्हींची किंमत मोठी.

'क्योंकि सास भी कभी बहू थी'त २००१ साली नायक मिहीर मेला आणि प्रेक्षकांच्या रेट्यामुळे त्याला परत आणावं लागलं, हे या धंद्यात अजून सांगितलं जातं. त्याहून जुनं उदाहरण अमेरिकेच्या 'डॅलस'चं: १९८५ला मारलेला बॉबी १९८६ला न्हाणीघरातून बाहेर आला आणि मधलं आख्खं पर्व त्याच्या पूर्वाश्रमीच्या बायकोचं स्वप्न ठरवलं गेलं. तो धक्का गाजला, पण वर्षभर जे बघितलं ते घडलंच नाही म्हटल्यावर पाहणाऱ्याचा हिशेब पुसला जातो. स्वप्न एका सीनपुरतं ठेवा.

चेहरा बदलायची वेळ आली तर अपघात आणि प्लास्टिक सर्जरी नको. सोमवारी, नेहमीच्या सेटवर, रोजच्या कामाच्या सीनमध्ये नवा कलाकार आणा. पहिल्या मिनिटात घरातल्या तिघांनी तिला नावाने हाक मारायची. पात्राची सगळ्यात ओळखीची लकब पहिल्या सीनमध्येच द्या. पहिला आठवडा मोठा भावनिक सीन नको, महिनाभर जुन्या चेहऱ्याचा फ्लॅशबॅक नको. 'माझ्या नवऱ्याची बायको'त शनाया २०१८ला बदलली, रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली, आणि २०२०मध्ये पुन्हा रसिका सुनील परतली. दोन्ही वेळा गोष्ट चालत राहिली, कारण शनायाचा नखरा आणि तिचं घरातलं स्थान लिहिण्यात पक्कं होतं.

६. परत आणताना

मुनीमजी दुबईहून परत येतायत. त्यांच्यासाठी पाच उत्तरं तयार हवीत, ती पडद्यावर सांगितली नाहीत तरी.

कुठे होते? इतके दिवस फोन का केला नाही? काय माहीत घेऊन आलेत? मागे काय घडलं ते त्यांना काय माहीत नाही? आणि ते आल्याने कोणाचं नुकसान होतं?

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आणूच नका. 'स्मृती गेली होती' हे उत्तर एका मालिकेत एकदाच. मुनीमजींनी फोन केला होता, तो वसुधाने उचलला आणि 'थोरल्या मालकांनी मृत्युपत्र बदललं' असं सांगितलं: हे उत्तर बघा, त्याने वसुधाच्या कागदावर एक गुपित वाढलं.

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. परत आलेल्या माणसाच्या रांगेत बऱ्याच चौकटी 'माहीत नाही' असतात. त्याला सासरे गेल्याचं कळणं, सईचं लग्न झाल्याचं कळणं, हा प्रत्येक सीन म्हणजे तयार ऐवज आहे. पण टीममधल्या सगळ्यांना सगळं ठाऊक असल्यामुळे संवादलेखक त्याच्या तोंडी न कळलेल्या गोष्टी घालतो. पहिले १० भाग त्याचा प्रत्येक संवाद तक्त्याशी ताडून बघा.

नवरा परत येत असेल आणि मधल्या काळात नायिकेने दुसरं लग्न केलं असेल, तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिला जोडीदार हयात असताना झालेलं दुसरं लग्न टिकत नाही. हे माहीत असलेलं एक पात्र (वकील मावसभाऊ चालेल) ट्रॅकच्या पहिल्याच आठवड्यात ठेवा, नाहीतर कॉमेंटमध्ये वकील येतात.

एंट्रीची मांडणी: आधीच्या आठवड्यात नुसता उल्लेख, गुरुवारी वस्तू (जुनी छत्री, ओळखीचं हस्ताक्षर), शनिवारी चेहरा. प्रोमो विभाग चेहरा आधीच दाखवणार हे गृहीत धरा. म्हणून कोण आलं यावर हूक उभा करू नका, आल्या आल्या तो कोणाच्या पाया पडला नाही यावर करा.

७. लीप

लीप, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेणं. तो घ्यायचा तक्ता भरल्यावर, म्हणजे जवळजवळ सगळ्या चौकटी 'माहीत आहे' झाल्या की. त्याआधी घेतलात तर अर्धी गुपितं वर्षांच्या खाली दबून मरतात. लीपनंतर नवा तक्ता काढा आणि जुन्यातलं किमान एक गुपित त्यात न्या. 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये २५ वर्षांच्या लीपनंतर जयदीप-गौरीचा पुनर्जन्म दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना ठाऊक आणि खुद्द जोडीलाच ठाऊक नाही, अशी चौकट नव्याने रिकामी मिळाली.

मुलं मोठी होतात तेव्हा आई आणि मुलगी एकाच वयाच्या दिसणं हा कायमचा घोळ. चष्मा आणि कपाळावरची पांढरी बट पुरत नाही, आईचं काम बदला. जी स्वयंपाकघरात दिसायची तिला गुऱ्हाळाच्या कचेरीत बसवा. वय चेहऱ्यावर दाखवता आलं नाही तरी लोक तिच्याशी कसे बोलतात यातून कळतं: कालपर्यंत "सई" म्हणणारा गडी आता "सईताई, सही राहिली" म्हणतो.

तक्ता दर शनिवारी संध्याकाळी अद्ययावत करा, आणि तोही प्रसारित झालेल्या भागावरून. लिहिलेल्या भागावरून करू नका, संकलनात कापलेला सीन प्रेक्षकांनी पाहिलेला नसतो. फाइलच्या नावात तारीख घाला, आणि पटकथा, संवाद, दिग्दर्शन या तिघांना एकच प्रत पाठवा. दिग्दर्शकाच्या दुसऱ्या सहायकालाही तीच प्रत थेट पाठवलीत तर उत्तम: सेटवर "वहिनींना हे माहीत आहे का?" हा प्रश्न पहिल्यांदा त्यालाच विचारला जातो.